कुलूप पाहून लिहिलेला अहवाल

सेवेतल्या कितीतरी घटना आता पुसट झाल्या. चार वर्षांच्या एका मुलीची फाइल मात्र आजही डोळ्यांपुढे येते, कारण त्या फाइलीत माझी सही होती.

मी तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची अंगणवाडी सेविका दारात येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना. पोलिओच्या डोससाठी तिची नेमणूक एका शिशुगृहात झाली होती. तिथे एका मुलीच्या बोटाला शाई लावताना तिने मुलीला ओळखलं होतं.

"साहेब, हे पोरगी माह्या यादीतली हाय. वजन मी करत होती तिचं. आन् थे लोक म्हनतात, बेवारस सापडली."

आठ दिवसांनी ती मुलगी एका परदेशी जोडप्याला दत्तक देण्याबाबत सुनावणी होती. आदेश झाला की मुलगी विमानात बसणार.

पहिला संशय मला सेविकेचाच आला. संस्थेशी जुनं भांडण असेल, असं वाटलं. तीच हकीकत तिला तीनदा, उलटसुलट क्रमाने विचारली. खोटं बोलणारा माणूस दर वेळी आपली गोष्ट थोडी सुधारतो. हिच्या गोष्टीत मुलीच्या कानामागचा भाजल्याचा डाग तिन्ही वेळा त्याच कानामागे होता.

मग फाइल मागवली. दोन वर्षांपूर्वी जऊळका स्टेशनबाहेर लिंबाखाली मुलगी सापडल्याची नोंद. वर्तमानपत्रात छापलेला फोटो. कोणीही हक्क सांगितला नाही, असा शेरा. शेवटी पालकांचा शोध लागत नसल्याचा पोलीस अहवाल, खाली माझी सही.

दुसरा संशय त्या जोडप्यावर. ते विश्रामगृहात उतरले होते. परदेशातून येऊन मूल नेणारा माणूस काहीतरी लपवत असणारच, हे मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. त्यांनी न मागता सगळे कागद पुढे ठेवले. दुभाष्यामार्फत बाईंनी एकच विचारलं, तिला आई आहे का? तपास चालू आहे, एवढंच मी म्हणालो. टेबलावर काढून ठेवलेले लहानसे बूट त्यांनी उचलून बॅगेत ठेवले. त्या दोघांनी काहीही लपवलेलं नव्हतं.

राहिली शिशुगृहाची अधीक्षिका. तिचा जबाब दोन तास चालला. प्रश्न संपायच्या आत उत्तर आणि उत्तरासोबत कागद. इतकं नीटनेटकं दप्तर खऱ्या कामात सहसा नसतं. मी पुन्हा एकेक पान चाळलं. मुलीच्या आरोग्यपत्रकावर गोवराच्या दुसऱ्या डोसची नोंद होती. त्याच्या वरच्या ओळीत पहिल्या डोसची तारीख होती, मुलगी सापडण्याच्या कितीतरी महिने आधीची.

"बेवारस मुलीला पहिला डोस कधी दिला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "तिकडे पोरीचं सोनं झालं असतं. तांड्यावर काय होतं तिच्यासाठी?"

तिच्या कपाटातून लसीकरणाचं कार्ड निघालं. त्यावर आईचं नाव होतं, तांड्याचं नाव होतं. ऊसतोडीला जाताना आई चार महिन्यांसाठी मुलगी या शिशुगृहात ठेवून गेली होती. पोर जिथे जाईल तिथे कार्ड गेलं पाहिजे, ही सेविकेची शिकवण. म्हणून आईने कार्डही सोबत दिलं.

आईला ठाण्यात बोलावलं. हंगाम संपल्यावर ती मुलीला न्यायला गेली, तेव्हा मोठ्या दवाखान्यात पाठवल्याचं तिला सांगितलं गेलं. पुढच्या खेपेला, असं नावच दप्तरात नाही म्हणाले. ती आमच्याच ठाण्यातही आली होती. अंमलदाराने कागद आण म्हणून परत पाठवलं.

"कागद त्याईच्याचपाशी होता साहेब. मी पोरगी देली नाई, ठेवली होती."

आता माझी पाळी होती. दोन वर्षांपूर्वी, मुलगी तांड्याची बोली बोलते म्हणून मी एका शिपायाला तिकडच्या तांड्यांवर धाडलं होतं. तो गेला भर ऊसतोडीच्या दिवसांत. घरोघरी कुलुपं. मोतीबिंदू झालेल्या एका म्हाताऱ्याला त्याने फोटो दाखवला आणि कोणी ओळखत नाही, असं लिहून आणलं. मी न विचारता सही केली. हे सगळं मी तिला सांगितलं.

तिने आवाज चढवला नाही.

"कुलूप पाह्यलं आन् वापस गेले तुमी. पन कुलूप कोन लावते, साहेब? ज्याले वापस याचं रायते, थोच ना?"



डीएनए तपासणी जुळली. दत्तकाची प्रक्रिया थांबली, अधीक्षिकेवर गुन्हा दाखल झाला. माझ्या चुकीचा अहवाल मीच लिहून वरिष्ठांकडे पाठवला, चौकशीला सामोरा गेलो. बाल कल्याण समितीने मुलगी आईच्या ताब्यात दिली, त्या दिवशी ती आईकडे जाईना. सेविकेच्या पदराआड उभी राहून पाहत होती. ती दोन वर्षं कोणत्याही आदेशाने परत मिळणार नव्हती, आणि त्यात माझा वाटा होता.

गरिबाने मूल ठेवलं की आपण ते टाकलं असं लिहितो. लिहिणारा हात बहुतेक वेळा दुष्ट नसतो, घाईत असतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत 'घर बंद आढळले' असा शेरा असलेला एकही अहवाल मी पुढे जाऊ दिला नाही. मुकादमाचा नंबर काढा, उसाच्या फडावर जा, त्या घराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे ते शोधा, आणि मगच सहीला या, असं सांगून तो परत पाठवायचो.