खाऱ्या पाण्याची शेवटची बादली

फिशटँकमधला समुद्रातला शेवटचा मासा मेला, तेव्हा ठरवलं, आता यात गोडं पाणी भरायचं आणि पाणवनस्पती लावायच्या. दरवेळी पाण्यात मीठ कालवून मी कंटाळलो होतो.

आमच्या नगरकडं वापरलेलं पाणी कुणी मोरीत सोडत नाही, झाडालाच घालतात. त्यामुळं टँकचं पाणी तेवढं झाडांना घालू नकोस, म्हणून मी आईवर वर्षानुवर्षं खेकसत आलो. त्या दिवशी टँक उपसून बादल्या मोरीत ओतताना कंबर मोडली. शेवटची बादली मात्र सवयीनं मीच दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामी केली.

टँकमधल्या वनस्पती आता छान रुजल्यात. कढीपत्ता वाळून गेला. आई फोडणीपुरता शेजारून मागून आणते आणि मला एका शब्दानं बोलत नाही.