चढाकडे गेलेलं दूध

या सदरातले अनुभव मी नियमाने वाचते आणि बहुतेकदा हसून पान उलटते. पिंपळाखालची बाई, रिकाम्या घरातली पैंजणं... मी अमरावतीला आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांचं कपाट. नवस, शकुन, मुहूर्त वडिलांनीच उंबरठ्याबाहेर ठेवलेले. म्हणून ही हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही.

पण माझी नातवंडं, मैत्री आणि तनय, कॅनडात असतात आणि फोनवर फिरून फिरून एकच विचारतात — "आजी, आपण अमरावतीचे ना? मग तू जबलपूरला का राहते?" मी सांगते, इथे कुसुमआजी आहे, हवा चांगली आहे. दोन्ही खरंच आहे. पण तेवढंच नाही. तर मुलांनो, मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला माहीत आहे. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

तुमचे आबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रिटायर झाल्यावर ते फाटकाकडे तोंड करून बसायचे आणि एकच पेपर दोनदा वाचायचे. कुसुम ही त्यांची धाकटी बहीण. तिचे यजमान जबलपूरच्या डिफेन्स फॅक्टरीत होते. ते गेले, मुली सासरी गेल्या, आणि ती दीक्षितपुऱ्यातल्या घरात एकटी उरली. एक दिवस तिचा फोन आला. "दादा, आमच्या बाजूचं घर विकून राहिले. येऊन पाहून तर घे, चलो!"

आबांनी फोन ठेवला आणि शीळ घालत अंघोळीला गेले. मी त्यांची शीळ कितीतरी वर्षांनी ऐकली.

मी पाहायला जायला तयार झाले ते 'नाही' म्हणण्यासाठीच. अमरावतीत मी भाजीला निघाले की वाटेत एखादी तरी विद्यार्थिनी भेटायचीच, "मॅडम" म्हणायची. जबलपुरात मला कोण ओळखणार? साठी उलटल्यावर परक्या गावात, परक्या भाषेत कोणीच नसलेली बाई होऊन राहायचं... पण घर न बघताच नाही म्हटलं तर ते अन्यायाचं झालं असतं. म्हणून पाहायचं, दोष काढायचे, आणि मग म्हणायचं.

दिवाळीनंतरचे दिवस, सकाळ उतरून दुपार लागत होती. कुसुमने आम्हाला आधी कमानिया गेटला नेलं, खोव्याची जिलेबी घेतली, वाटेत दूध घेतलं, आणि मग आम्ही त्या घरी गेलो. मालकीणबाई म्हणजे दुबे अम्मा. मुलाकडे इंदूरला कायमच्या निघाल्या होत्या. सगळं बांधून झालेलं; मागे शेगडी, एक पातेलं आणि चार कप उरले होते. घर साधं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगणात पेरूचं झाड. आबांनी पिशवीतून पाणसळ काढली आणि जमीन, खिडक्या, पायऱ्या सगळीकडे ती ठेवून पाहू लागले. पाणसळ म्हणजे ती लांब पट्टी, जिच्यात पाण्यात एक बुडबुडा असतो. जी बाजू उंच, तिकडे तो सरकतो. मग भिंतींना कान लावून टकटक.

अम्मा बघतच राहिल्या. "भाईसाहब घर देखने आए हैं कि इलाज करने?"

"घर बरं आहे," आबा मला हळूच म्हणाले. ओव्हरसियरच्या तोंडी 'बरं' म्हणजे पुष्कळ झालं.

मला दोष सापडेना. पाणी होतं, ऊन होतं, डॉक्टर जवळच्याच ओमती भागात, हाकेच्या अंतरावर कुसुम. मी ठरवलं, चहा झाला की सांगून टाकायचं. आणि चहा मीच करते म्हटलं — वाईट बातमी द्यायची तर निदान चहा तरी चांगला हवा.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. माझ्या हातून दूध कधी उतू गेलेलं नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, मास्तरीण दुधालासुद्धा शिस्त लावते. तर मी दूध तापवलं, वर आलं तसं गॅस बंद केला, पातेलं सांडशीने उचलून ओट्याच्या गार दगडावर ठेवलं, आणि शेगडीवर चहाचं आधण चढवलं. आलं किसलं. साखर कुठे आहे ते अम्मांना विचारलं. एवढ्यात दुधावर साय धरली होती, ती मी पाहिली.

"वहिनी," कुसुम म्हणाली. "वहिनी, दूध..."

साय वर येत होती. भाकरी फुगते तशी, अगदी सावकाश. खाली जाळ नाही, आवाज नाही, वाफ नाही. साय काठापर्यंत आली, थांबल्यासारखी झाली आणि दूध बाहेर आलं. मी उघड्या हाताने पातेलं धरलं. कोमट होतं. मुलांनो, मी ते धरून उभी होते आणि दूध माझ्या बोटांवरून वाहत होतं.

उजवीकडे हातभर अंतरावर सिंक. तिकडे एक थेंब गेला नाही. दूध डावीकडे निघालं, ओट्याच्या टोकावरून खाली उतरलं, फरशीवरून दाराकडे गेलं आणि उंबरठ्याशी थांबलं.

अम्मांनी हात जोडले. "लो बहनजी, गृहप्रवेश तो हो गया. अब मैं किसी और को यह घर कैसे दूँ?"

नव्या घरात पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं, अशी पुष्कळ लोकांची रीत असते. आमची नाही. आम्ही वंदना घेतो, खीर करतो, शेजाऱ्यांना बोलावतो. मला आधी वाटलं, अम्मा फार मुरलेल्या विक्रेत्या दिसतात. पण त्या स्वतःच दोन पावलं मागे सरकल्या होत्या, आणि पातेलं तर मीच ठेवलं होतं.

आबांनी पाणसळ आणली, ओटा पुसून त्यावर ठेवली. बुडबुडा डावीकडे सरकला. म्हणजे ती बाजू उंच. त्यांनी पाणसळ उलटसुलट फिरवून पुन्हा ठेवली — बुडबुडा डावीकडेच. फरशीवर ठेवली — दाराची बाजू उंच. मग पेलाभर पाणी ओट्यावर ओतलं. ते शहाण्यासारखं सिंकमध्ये गेलं.

"म्हणजे दूध चढाकडे गेलं?" मी विचारलं.

"पाणसळ तसं म्हणते," आबा म्हणाले.

"आता काहून विचार करून राहिली, वहिनी?" कुसुमला राहवेना. "दुधाने तर हो म्हटलं ना!"

"कुसुम, गप," आबा म्हणाले. बहिणीला ते असं कधी बोलत नसत. मग माझ्याकडे वळले. "हे धरून घर घ्यायचं नाही. आपल्या घरात असं चालत नाही. तू चहा झाला की 'नाही' म्हणणार होतीस ना? तर म्हण. मी अमरावतीला सुखाने येतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू आलं जास्त किसलंस."

त्यांनी पाणसळ पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद बांधले. शीळ नव्हती. मी खिडकीतून पेरूकडे बघत राहिले. दुधामुळे हो म्हणणं मूर्खपणा, हे मान्य. पण माझ्या 'नाही'ला तरी काय आधार होता? सगळं घर तपासून मला एक दोष सापडला नव्हता. मी फक्त घाबरले होते. आणि इथे ओळखीचं कोणी नाही म्हणावं, तर किती आलं किसलं यावरून माझं मन वाचणारा माणूस याच स्वयंपाकघरात उभा होता, आणि त्याची बहीण रुसून दारात.

दूध सुकायला लागलं होतं. मी पदर खोचला, अम्मांच्या मोरीतून पोछा घेतला आणि उंबरठ्यापासून ओट्यापर्यंत फरशी पुसून काढली. अम्मा "अरे, रहने दीजिए" म्हणत मागे मागे. पोछा पिळून दारामागच्या खिळ्याला टांगला आणि मी त्यांना म्हणाले,

"अम्मा, बाकी सब इंदौर ले जाइए. पोछा यहीं रहने दीजिएगा."

आबांनी पिशवीचे बंद पुन्हा सोडले. "मागची भिंत बघायची राहिली," म्हणाले आणि अंगणात गेले. थोड्या वेळाने तिकडून शीळ ऐकू आली. उरलेल्या दुधाचा चहा चौघांना पुरला. आलं खरोखरच जास्त झालं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या ओट्याला आम्ही हात लावलेला नाही, उतार आहे तसाच आहे. मी त्याच जागी, तेच पातेलं — अम्मा तेही ठेवून गेल्या — किती वेळा दूध ठेवून पाहिलं असेल. साय धरते आणि गुपचूप बसते. पाणी सांडलं तर सिंककडेच जातं. आबा म्हणतात, काहीतरी कारण असणार, आपल्याला सापडलं नाही एवढंच. कुसुम म्हणते, सापडून करायचं काय? मला दोघांचंही पटतं, आणि कारण अजूनही माहीत नाही.

तनय, तू फिजिक्स शिकतोस. पाणसळ फ्रिजवर ठेवली आहे. तुम्ही दोघं याल त्या सकाळी दूध मी आणून ठेवीन.