कॉइलच्या दोन वायरी

भंडाऱ्याच्या एका गॅरेजात दोन मित्रांच्या मधे उभा राहून मी ‘नाही’ म्हणालो होतो. ते खोटं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्या बहिणीच्या नवऱ्याचं त्यात नुकसान झालं तिला तर नाहीच.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं होती. तुमसरला माझं रेडिओ दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. रेडिओ यायचे, पण खरा धंदा भोंग्यांच्या ॲम्प्लिफायरचा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची, पाहुण्यांनी घरं भरायची, रात्री दंडारीचं नाच-सोंगांचं नाटक उभं राहायचं, आणि बॅटरीवरचे ॲम्प्लिफायर एकामागून एक जळून माझ्याकडे यायचे. पॉवर ट्रान्झिस्टर बदलायचे, ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळायचे, हेच काम. हात बसला होता आणि त्याचा मला गर्वही होता. तो गर्व कुणाला दाखवावा असं तुमसरात कुणी नव्हतं.

भाऊजी तिथल्याच एका राइस मिलच्या शेठकडे ड्रायव्हर होते. शेठनं नवी कोरी गाडी घेतली तेव्हा नागपूरहून ती चालवत आणायचा मान भाऊजींचा. गाडीबरोबर एक पुस्तिका आली, ती इंग्रजीत. संध्याकाळी ते ती घेऊन माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, सगळी वाचून सांग. मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. गॅरंटीच्या पानावर लिहिलं होतं की कंपनीच्या वर्कशॉपशिवाय कुणी इंजिन उघडू नये, वायरिंगमधे काही बदल करू नये, केल्यास गॅरंटी संपली. भाऊजींनी ते पान मला दोनदा वाचायला लावलं. त्या दिवसापासून त्यांनी त्या गाडीचा एक स्क्रूही स्वतः पिळला नाही. शेठच्या पोरानं बॉनेट उघडलं तरी हे धावत जायचे.

पौषात गाडी सकाळी उठेना. सेल्फ मारमारून बॅटरी बसायची, मग मिलचे हमाल धक्का द्यायचे आणि शेठ ओट्यावर उभा राहून पाहायचा. हमालही चेष्टा करायचे, नवी नवरी म्हणायचे तिला. भाऊजी जेवायला बसले की हेच सांगायचे. शेठ काही बोलत नव्हता, पण न बोलणंच त्यांना लागायचं.

माझ्याकडे त्या सुमारास एक इलेक्ट्रॉनिक्सचं मासिक यायचं. त्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं सर्किट छापून आलं होतं. बॅटरीच्या बारा व्होल्टचे आधी चार-पाचशे करायचे आणि मग ते एकदम इंजिनच्या ठिणगीच्या कॉइलवर सोडायचे. ठिणगी अशी पडते की गाडी पहिल्या सेल्फला उठते, पिकअप वाढतो. त्यात लागणारं सगळं माझ्याकडे होतं, भोंग्यांच्या कृपेनं. बिस्किटांच्या डब्यात मी ते जमवलं आणि टेबलावर ठिणगी पाडून पाहिली. निळी, जाड, कडाडणारी. ती ठिणगी पाहून मला भाऊजींची आठवण आली नव्हती, हे इथे लिहायलाच हवं. मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो की भाऊजींच्या भल्यासाठी केलं. खरं म्हणजे मला ते गाडीत चाललेलं पाहायचं होतं.

मी भाऊजींना विचारलं होतं. ते म्हणाले, “नाई बाबू. तूच तर वाचून सांगतलं. गॅरंटी जाईपर्यंत हात नाई लावायचा.”

मग शेठच्या गाडीतला रेडिओ खरखरायला लागला आणि मला मिलमधे बोलावणं आलं. भाऊजी जेवायला घरी गेले होते. रेडिओचं काम पाच मिनिटांचं होतं. उरलेल्या वेळात मी तो डबा डॅशबोर्डच्या आत, रेडिओच्या मागे, दोन भोकं पाडून बसवला आणि त्याच्या दोन वायरी इंजिनच्या बाजूला नेऊन कॉइलला जोडल्या. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्याच मासिकात लिहिलं होतं की ठिणगी जोरदार असेल तर टायमिंग, म्हणजे ती पडायची वेळ, थोडं पुढे घ्यावं. मी ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प ढिला केला आणि अंदाजानं थोडा फिरवला. कारखान्यातून आलेली रंगाची एक बारीक रेघ त्यावरून खाली इंजिनवर गेलेली होती. ती मधोमध तुटली. मी पाहिलं आणि बॉनेट लावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्या सेल्फला उठली. शेठ हसला म्हणे. नंतर तर वरठीच्या स्टेशनावर पाहुण्यांना आणायला जाताना शेठनं समोर बसून भाऊजींची तारीफ केली, तुझ्या हाताला गाडी लागली म्हणून. भाऊजींनी ते मला हसत हसत सांगितलं. एक मात्र विचारलं, “चाबी देल्ली की बारीक शिटी वाजते बाबू, रेडिओच्या मांगं. काय होय ते?” त्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर तसा वाजायचाच. मी म्हणालो, नव्या रेडिओत येतो असा आवाज. त्यांनी मान हलवली. वायरीतलं मी सांगितलेलं त्यांना पुरेसं असायचं.

उन्हाळा लागला. भाऊजी म्हणाले, चढावर इंजिन खडखडते, खडे हलवल्यासारखं. टायमिंग पुढे गेल्यावर असंच होतं हे मला तोवर कळलं होतं. मी म्हणालो, पेट्रोलमधे रॉकेल असेल. नीट करायला पुन्हा बॉनेट उघडावं लागलं असतं, आणि उघडायला कारण नव्हतं. आज करू, उद्या करू म्हणत मी ते तसंच राहू दिलं.

मग एकदा भंडाऱ्याला पोचता पोचता गाडी झटके द्यायला लागली. शेठला कचेरीत काम होतं. भाऊजींनी त्याला तिथे सोडलं आणि पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला. ते गाडी आपल्या मित्राकडे घेऊन गेले.

हा मित्र म्हणजे भंडाऱ्यातला एक मिस्त्री. दोघं तरुणपणी एकाच ट्रकवर होते, एक ड्रायव्हर, एक क्लीनर. मिस्त्री दरवर्षी भाऊजींच्या गावच्या मंडईला यायचा, त्यांच्याच घरी उतरायचा, बाईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, हातचे वडे मागून मागून खायचा आणि दंडारीत भाऊजींना जबरदस्तीनं उभं करायचा. मी भोंगे लावायला तिथे असायचो. त्या दोघांना एकमेकांची चेष्टा करताना पाहणं हीच मला मंडई वाटायची.

मिस्त्रीनं प्लग साफ केले, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून पुसली, बस. कॉइलकडे बोट दाखवून तो म्हणाला, ह्या दोन वायरी जास्तीच्या दिसतात. भाऊजी सीटवरूनच म्हणाले, कंपनीचं आहे, हात नको लावू. गाडी चालू झाली. डब्यातला कुठला तरी सांधा गरम होऊन सुटत होता आणि थंड झाला की पुन्हा लागत होता, असं मला वाटतं. आठवड्याभरात मोहाडीच्या पुढे, भर दुपारी, इंजिनातून निळा धूर निघाला आणि गाडी उभी राहिली. पिस्टनला भोक पडलं होतं, ते नंतर कळलं. ट्रॅक्टरनं ओढत ती मिलमधे आणली.

मी रेडिओ काढून ठेवतो म्हणून आत शिरलो. डबा काढला, वायरी काढल्या, डिस्ट्रिब्यूटर मागे फिरवून रेघ रेघेला लावून पाहिली. ती नीट बसेना.

गाडी ट्रकवर घालून कंपनीच्या नागपूरच्या वर्कशॉपमधे नेली तेव्हा शेठनं मलाही नेलं, इंग्रजी येतं म्हणून. तिथल्या इंजिनिअरनं टॉर्च घेऊन वाकून पाहिलं आणि हिंदीत म्हणाला की हा डिस्ट्रिब्यूटर कुणी तरी फिरवून परत आणलेला आहे, याला गॅरंटी मिळणार नाही. शेठनं भाऊजींकडे पाहिलं. मी भाऊजींच्या मागे उभा होतो. माझ्या तोंडातून खरं निघायला तेवढा वेळ होता.

भाऊजी म्हणाले, “भंडाऱ्याच्या मिस्त्रीनं साफ केला होता शेठजी. मीच देल्ली होती गाडी.”

शेठ वाईट माणूस नव्हता. परत आम्ही रेल्वेनं आलो. तुमसर रोड स्टेशनला उतरल्यावर तो म्हणाला, “तू घरचा माणूस होता. मले विचारून तरी जाचं होतं.” दुसऱ्या दिवसापासून भाऊजी कामावर गेले नाहीत. मिलमधून घालवलेला ड्रायव्हर दुसऱ्या मिलवाल्यानं ठेवावा असं तेव्हा होत नव्हतं. ते गावी परतले, सासऱ्याची, म्हणजे आमच्याच बापाची, तिथली धानाची बांधी करायला लागले. चिखलात उभे राहिलेले भाऊजी मला ओळखू यायचे नाहीत.

पण त्याआधी ते भंडाऱ्याला गेले आणि मला सोबत नेलं. भांडायला नव्हे. मिस्त्रीनं एकदा कबूल करावं, एवढंच त्यांना हवं होतं. चुकून हात लागला म्हण, म्हणाले, माणसाचा लागते. मिस्त्री टायरवर बसला होता. तो म्हणाला, मी टोपीच्या खाली हातच नेला नाही. भाऊजींनी पुन्हा विचारलं. मिस्त्री उठला. पोरीच्या डोक्याची आण घेतली. मग म्हणाला, “मले काय विचारतं? तुह्या कॉइलले दोन वायरा जास्तीच्या होत्या, मी तुले दाखवल्या होत्या. त्या कुठं गेल्या ते पाय आधी.”

 भाऊजींना ते आठवलं असावं, पण त्यांनी त्या दिवशी वाकून पाहिलंच नव्हतं. ते माझ्याकडे वळले.

“बाबू, तू वायरीतला माणूस. होत्या का वायरा?”

मिस्त्रीही माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, आशा होती. मी सांगेन अशी त्याला खात्री होती.

मी म्हणालो, “नाही. मी तर पाहिल्या नाही.”

भाऊजी निघाले. मिस्त्री पुन्हा टायरवर बसला. मला वाटतं, तो त्या क्षणी सगळं समजला. पुढे तो कुणाला काही बोलला नाही. का बोलला नाही, याचा विचार मी फार केला आहे.

त्यानंतरच्या मंडईला तो आला नाही. नंतर कधीच आला नाही. भाऊजी दंडारीत उभे राहिनासे झाले. मी भोंगे लावत राहिलो.

काही वर्षांपूर्वी मिस्त्री गेला. निरोप माझ्याच फोनवर आला. मी भाऊजींना सांगायला गेलो, ते अंगणात खाटेवर बसले होते. मी म्हणालो, चला, मी नेतो. त्यांनी पाय खाटेवर ओढून घेतले. मग म्हणाले, “नोकरीचं मले काई नाई वाटत बाबू. त्यानं एकदा हो म्हटलं असतं, तर मातीले गेलो असतो.”

मी त्यांच्याजवळ बसलो होतो. तेव्हाही बोललो नाही. बाई चहा घेऊन आली आणि आम्ही तिघांनी तो घेतला.

भाऊजी आता थकले आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. हे छापून आलं तर कुणी तरी त्यांना वाचून दाखवेल. गॅरंटीचं ते पान मी त्यांना वाचून दाखवलं होतं, हेही मीच वाचून दाखवायला हवं.

डबा माझा होता, वायरी माझ्या होत्या आणि मिस्त्री खरं बोलत होता. एवढं भाऊजींना समोर बसून सांगणं, आणि तेच मिस्त्रीच्या घरी जाऊन त्याच्या बायको-पोरीला सांगणं, हे माझ्याकडे अजून देणं आहे.