नंबरावरचं कुंकू

शस्त्राची मनोभावे पूजा केली की ते आपलं रक्षण करतं म्हणतात. मी इतक्या मनोभावे केली की एक माणूस गमावायची वेळ आली.

गोऱ्या कलेक्टरानं मला रायफलीचा परवाना दिला तो माझी वकिली बघून, नेम बघून नव्हे. धाकट्या मेव्हण्याकडंही त्याच बनावटीची रायफल होती. खंडेनवमीला दोन्ही खोलून पुसल्या, काडतुसामागं नळी बंद करणारे बोल्ट काढून पाटावर मांडले. बायकोनं हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, हाताला आला तो बोल्ट मी हाताला आली त्या रायफलीत सरकवला. बोल्टावरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळवायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण नंबरावर कुंकू होतं. देवाचं कुंकू कसं पुसायचं? शिवाय दोन्ही बसले. बसलं ते बरोबर, हा माझा कायदा.

मग खासबागेपलीकडच्या माळावर, फळीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायची आमची पैज. हरेल त्यानं माझ्या बायकोला शहापुरी लुगडं घ्यायचं.

"दाजी, बोल्ट लई घट्ट बसतोय," मेव्हणा म्हणाला.

"मनगटात जोर न्हाय म्हण की रं!"

माझा लोण्यासारखा मिटत होता. फक्त प्रत्येक बाराला गालावर गरम फुंकर यायची. आपल्या नेमाचा तो प्रताप, असं मी समजलो. माळावर एक पाखरू बोलत नव्हतं.

"तुमची द्या बघू. ही गोळी काळ्यात बसली की लुगडं तुमच्या गळ्यात." तो पालथा पडला, दस्त्याला गाल लावला.

मी उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला वाकलो. एकीच्या बुडाशी चकाकतं कडं होतं. दुसरीलाही. तिसरीच्या कड्यावर केसाएवढी चीर. बोल्ट आखूड पडून आत काडतुसामागं मोकळी जागा राहत होती. दर बाराला पितळ ताणत होतं. पुढचं फुटलं तर आग मागं येणार, थेट नेम धरलेल्या डोळ्यात.

"थांब! उडवू नको!"

"हरायला लागलासा की थांब व्हय, दाजी?" त्यानं मान वळवली नाही. बोट चापावर.

मी त्याच्या पाठीवर पडलो आणि बोल्ट उचकटला. काडतूस गवतात पडलं.

"रडीचा डाव!" तो ओरडला.

मी धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं. नंबर त्याच्या रायफलीचा होता. चिरेची पुंगळी त्याच्या हातात दिली. त्यानं चेष्टेनं पिळली, तर ती दोन तुकडे होऊन निघाली. मग त्याचा हात उजव्या डोळ्यावर गेला, आणि तिथंच राहिला.

लुगडं मी घेतलं. बायकोनं विचारलं, "हरलं कोण?"

मी आणि मेव्हणा, दोघंही जेवत राहिलो.