अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

भानुमतीबाई काही विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवरा विनायक दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात कारकून, सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर, दारात तुळस. बघणाऱ्याला गरीब गाय वाटावी. पण कपाटात, लग्नाच्या शालूखाली, त्यांनी एक कागद घडी घालून जपला होता.

एक्याण्णव साली, पोटुशी असताना, सातव्या महिन्यातच त्यांचं गर्भाचं पाणी गेलं आणि डॉक्टर राजीव सूरींच्या दवाखान्यात तीन दिवस त्या पडून राहिल्या. अंगात कणकण होती, बाळ मंदावलं होतं. तक्त्यावर मात्र दर चार तासांनी ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, सगळा एका शाईत, एका बैठकीत लिहिलेला. डॉक्टर आकडा बघत, सही ठोकत आणि म्हणत, "बुखार नहीं है, रुको." पोटातल्या पोरीला तोवर आतून जंतूंनी पोखरलं होतं. ती दोन दिवस जगली. भानुमतीबाई स्वतः नर्स. घरी जाताना त्यांनी तो तक्ता पदराखालून नेला.

सत्त्याण्णवमध्ये सूरींनी गुडगावच्या नव्या सेक्टरमध्ये काचांचं नर्सिंग होम बांधलं. बाईंनी तिथेच नोकरी धरली. सूरींनी ओळखलं नाही. ओळखणार कसे? तेव्हा त्यांनी पेशंट पाहिलीच नव्हती, तक्ता पाहिला होता.

"पुन्हा एकदा चुकू दे मेल्याला," बाई घरी म्हणायच्या, "जुना-नवा दोन्ही कागद कोर्टात ठेवते."

"अगं, सोड आता," विनायकराव म्हणायचे.

"तुम्ही सोडा."

तोवर त्यांनी एक सवय लावून घेतली. पाणी गेलेली बाई आली की दर तासाला बाळाचे ठोके स्वतः मोजायचे आणि आपल्या वहीत लिहायचे. बाळाला आत संसर्ग झाला की पुष्कळदा त्याचे ठोके आधी धावतात, आईला ताप मागाहून चढतो. ही अक्कल त्यांना फार महागात मिळाली होती.

सप्टेंबरात प्रज्ञा आली. नवरा शहाजी साताऱ्याकडचा, फौजेतून सुटून मोटारींच्या कारखान्यात लागलेला. आठवा महिना, पाणी जाऊन दोन दिवस झालेले. सकाळी ठोके दीडशे होते, दहाला एकशे पासष्ट, अकराला एकशे अठ्ठ्याहत्तर. आणि इशिता सिस्टरच्या तक्त्यावर संध्याकाळपर्यंतचा ताप आधीच भरलेला: अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. सूरींनी सही केली. "बुखार नहीं है, रुको."

बाईंच्या मनात अक्षरशः दिवाळी झाली. सहा वर्षं वाट पाहिली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं. आणि त्या गप्प बसल्या. पुरता एक तास बसल्या. हे पाप त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही.

बाराला त्या ठोके मोजायला वाकल्या, तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "ताई, सकाळपासून लेकरू गप झालंय बघा."

बाईंनी सहा वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं, आणि कोणी ऐकलं नव्हतं. आता ऐकणारी त्याच होत्या. त्यांनी थर्मामीटर लावला. ताप एकशे एक. वही उचलली, नोकरी धरल्यापासून पर्समध्ये बाळगलेला जुना कागद काढला आणि त्या थेट सूरींच्या केबिनमध्ये शिरल्या. जुना तक्ता, नवा तक्ता आणि वही टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

"सर, दोनों पर दस्तख़त आपके हैं. पहली बच्ची मर गई. दूसरा बच्चा अभी ज़िंदा है."

सूरींनी जुन्या कागदावरचं नाव वाचलं, मग बाईंच्या छातीवरच्या पट्टीवरचं. मग फोन उचलला. दहा मिनिटांत ऑपरेशन थिएटर उघडलं. मुलगा झाला, सव्वा किलोचा, दमलेला. लगेच औषधं सुरू झाली. महिन्याभराने शहाजी पेढे घेऊन आला आणि सूरींच्या पाया पडला. बाईंना तो पेढा गिळवला नाही.

शहाजी गेल्यावर त्या दुपारी सूरींनी बाईंना बोलावून केबिनचं दार लावून घेतलं. "आप चाहें तो किसी बड़े अस्पताल में लगवा दूँ. तनख़्वाह दुगुनी."

"मैं कहीं नहीं जाऊँगी, सर."

त्या गेल्याही नाहीत, कोर्टातही नाही. पुढे पाणी गेलेली पेशंट आली की भानुमतीबाई खाटेच्या उशाशी उभ्या राहायच्या, जुना कागद एप्रनच्या खिशात, घडीचं टोक बाहेर दिसेल असा. सूरी तक्त्याकडे हात न नेता आधी वाकायचे, पोटावर नळी लावायचे आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. तेवढं मिनिटभर बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. सूरी निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं.