तोलणार मामांचा पेला

समोर माणूस आला की मामा डावा डोळा मिटायचे, उजव्याने त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "दोन किलो चारशे जास्त. काय प्यालात?" मग तो माणूस काट्यावर चढायचा. काट्यात आणि मामांत फार तर शंभर ग्रॅमचा फरक पडायचा, आणि तो मामांच्या मते काट्याचा दोष असायचा.

तुमच्यापैकी कुणी डायलिसिस सेंटरमध्ये बसलं असेल, तर या वजनाचं महत्त्व सांगायला नको. किडन्या थांबल्या की लघवी जवळजवळ बंद होते. प्यालेलं पाणी अंगातच साठतं. आधी पायांवर, मग चेहऱ्यावर, शेवटी छातीत. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, मशीन ते बाहेर काढतं. किती काढायचं ते मागच्या खेपेनंतर वजन किती वाढलं यावर ठरतं. मामांनी मार्केट यार्डात तोलणार म्हणून कांदा-बटाट्याच्या गोण्या तोलण्यात तीस वर्षं घालवली होती. माणूस त्यांना सोपा होता.

मी तिथे रुग्ण नव्हतो. यार्डाजवळ माझं औषधाचं दुकान आहे. मामांना स्कूटरवरून न्यायचो आणि आणायचो. लोक मला भला माणूस समजायचे.

खरं काय ते सांगतो. मामांची कंबर धरायची आणि ते माझ्याकडे येऊन दुखण्याची गोळी मागायचे. मी कधी चिठ्ठी विचारली नाही. सहा-सात वर्षं हे चाललं. हंगामात तर रोज दोन-दोन. मग ते दिसेनासे झाले आणि महिन्याभराने कळलं की त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या.

हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा आजाऱ्याकडे नेतात म्हणून शहाळं घेऊन गेलो. पंचवीस वर्षं औषधं विकणारा माणूस मी! शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. बंद पडलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि साठलं तर हृदय थांबू शकतं. सिस्टरनी मामांना आदल्याच दिवशी हे समजावलं होतं. शहाळं बघून ते हसत सुटले.

"शेठ, आधी गोळ्या, आता शहाळं. एवढी काय घाई हाय?"

शेजारी बसलेल्या मामीही हसल्या. मी हसू शकलो नाही. ही नुसती थट्टा होती की त्यांना सगळं ठाऊक होतं, हे विचारायची हिंमत झाली नाही. ते घरी आले आणि पुढच्या डायलिसिसला मी त्यांच्या दारात स्कूटर घेऊन उभा राहिलो.

मामांच्या पिशवीत एक छोटा स्टीलचा पेला असायचा, देवापुढे दूध ठेवतात तेवढा. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरायचं आणि त्या पेल्याने घोट घोट पुरवायचं. नवा रुग्ण घाबरून पडलेला दिसला की मामा पलीकडच्या खाटेवरून त्याला समजावू लागत. किडनी म्हणजे अंगातला तोलणार. आलेल्या मालातलं काय ठेवायचं, काय बाहेर टाकायचं ते ती ठरवते. "आपला तोलणार कामावर येईना, म्हणून हा बदली आणलाय," असं म्हणत ते मशीनकडे बोट दाखवायचे. बटाट्यातलं पोटॅशियम कमी व्हावं म्हणून तो चिरून, भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मगच शिजवायचा, हेही ते सांगत, आणि जन्मभर ज्याच्या गोण्या तोलल्या त्या बटाट्यावर ही वेळ आली म्हणून हळहळत.

कर्वेनगरचे एक निवृत्त सर होते. मामांनी त्यांना तीन किलो जास्त सांगितलं. आपण पाण्याला स्पर्शही केलेला नाही, असं सरांनी जाहीर केलं.

"आमटी?" मामांनी विचारलं.

"आमटीला आम्ही जेवण म्हणतो."

"म्हणा की. काटा तिला पाणीच म्हणतो."

काटा तीन किलो जास्तच दाखवत होता. पुढच्या खेपेला सर स्वतःचा पेला घेऊन आले. महिन्याभरात बहुतेक खाटांशेजारी तसले पेले दिसू लागले.

दीड वर्षाने एकदा मामांच्या खाटेशेजारी बसलेलो असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, त्या गोळ्या..."

त्यांनी डावा डोळा मिटून मला न्याहाळलं. मग ते सांगू लागले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि त्यांनी गोळ्यांचं सगळं सांगितलं होतं. बीपीही कधी तपासलेलं नव्हतं, त्यामुळे कशाने किती बिघडलं हे नेमकं सांगता येत नव्हतं. पण गोळ्यांनी भर घातली होती.

"मागितल्या मी, दिल्या तुमी."

"राग नाही आला?"

"आला की. पण राग धरून स्कूटरवर मागं बसलं की तोल जातो. आता मला सांगा, दुकानात अजून तशाच देता?"

देत होतो. दीड वर्ष त्यांना नेत-आणत होतो आणि काउंटरवर तेच करत होतो.

"मग स्कूटर नसली तरी चालंल, शेठ. ते बंद करा."

त्याच आठवड्यात दुकानात पाटी लागली. मजकूर आणि अक्षर सरांचं: 'चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी मिळणार नाही. वाद घालण्यापूर्वी स्वतःच्या किडनीची परवानगी घ्यावी.' काही गिऱ्हाइकं रागावून गेली. स्कूटर मात्र मी चालूच ठेवली.

पुढे मामींनी आपली एक किडनी मामांना दिली. दोन आहेत, एक नुसती बसून काय करते, असं त्या म्हणाल्या. ती लागू पडली. आता मामा-मामी गावी असतात आणि मामांच्या खाटेवर कुणी दुसरं असतं. पेला माझ्या काउंटरवर, पाटीखाली आहे.

गावी निघण्याआधी तो ठेवायला ते दोघं दुकानात आले होते. मामांनी पाणी मागितलं. सवयीने मी त्याच पेल्यात ओतू लागलो.

"शेठ, तांब्या आणा. डॉक्टर म्हणलेत, भरपूर प्या."

मी तांब्या दिला. त्यांनी मान मागे टाकली आणि उभ्या उभ्या, घटाघटा पाणी पीत राहिले. ते हनुवटीवरून ओघळलं, सदरा भिजला. मामी "सांडू नका, सांडू नका" म्हणत पदराने पुसत होत्या. रिकामा तांब्या माझ्यापुढे धरून मामा म्हणाले, "आणखी."