बिनदोऱ्याची कोळंबी

कोळंबी सोलताना पाठीतून काळा दोरा निघतो, ते तिचं आतडं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमच्या तळ्यातल्या कोळंबीत तो दोराच दिसेनासा झाला. आई मुलुंडच्या बिल्डिंगांमध्ये दारोदार कोळंबी विकायची. तिथल्या बायका खूश. "मावशी, किती स्वच्छ हो तुमची कोळंबी! साफ करायलाच नको." आई घरी येऊन पाटी आपटायची. म्हणायची, "दोरा नाय म्हंजे पोटात काय नाय. उपाशी हाय ती. आजारी हाय."

आमचं तळं कांजूरच्या खाडीला लागून होतं. भरतीच्या पाण्याबरोबर बारीक पिल्लं आत यायची, फळ्यांचं दार लावलं की तिथेच कोंड्यावर वाढायची. आता कोंडा तसाच तरंगत राहायचा आणि सकाळी काठाला मेलेली कोळंबी लागलेली असायची. सगळं घर त्या तळ्यावर जगत होतं, माझं कॉलेजसुद्धा.

बाबांचा संशय ठरलेला: बांधापलीकडचा काका, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. वाटणीपासून दोघे एकमेकांना पाण्यात पाहत होते. "त्यानंच कायतरी टाकलंय," बाबा म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? आमच्या घरात संशय मिठासारखा होता, रोजच्या जेवणात लागायचाच. काकी गोड हसली तरी मला वाटायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मी सायन्सला होते. बरणीत तळ्याचं पाणी आणि चार कोळंब्या घेऊन कॉलेजात सरांकडे गेले. सरांनी आतडं चिरून मायक्रोस्कोपखाली बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हिच्या पोटात कामाचे जिवाणू असतात. ते अन्न पचवतात, रोगाला थारा देत नाहीत. पाण्यात कारखान्याची, गटाराची घाण येत राहिली की ते मरतात आणि भलतेच माजतात. पण हा झाला अंदाज. शेजारच्या तळ्यातलं पाणी आणि कोळंबी आण. तिथेही हेच असेल, तर दोष खाडीच्या पाण्याचा."

दुपारी काका जेवायला घरी गेला तसा मी त्याचा बांध गाठला. विचारून जाता आलं असतं, पण विचारणं आमच्यात कुणाला सुचतच नसे. छोट्या जाळीने दोन कोळंब्या काढल्या, उन्हात धरून पाहिल्या. दोरा नव्हता. मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. काकाने काही केलेलं नव्हतं. बाटली भरून उठते, तोच मागून आवाज आला.

"काय टाकलंस गो तल्यान?"

"काय नाय काका. पानी घेतलंय फक्त. तुझीपन कोळंबी आजारी हाय."

"ते तुला कसं म्हाईत?"

तो बाटलीकडे बघत होता. बाबा त्याच्याकडे बघायचे, अगदी तसंच.

"नुसतं पानी हाय ना? मंग पी. एक घोट."

याच तळ्यात काकाने मला पोहायला शिकवलं होतं. तेव्हा या पाण्याचे किती घोट पोटात गेले असतील, गणती नाही. मी बाटली ओठांपर्यंत नेली. रॉकेलसारखा वास आला. सरांचं बोलणं आठवलं, आणि माझा हात खाली आला.

 काकाने बाटली माझ्याकडून घेतली, बूच घट्ट लावलं आणि सगळ्या गावाला दाखवायला घेऊन गेला.